विळी असं कापत नाही

प्रति,
संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य;
सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण आणि निर्यात तपासणी परिषद;
तसेच मासळी प्रक्रिया कारखान्यांचे मालक व व्यवस्थापक यांस,



पनवेल-तळोजा पट्ट्यात माझा छोटा दवाखाना आहे. हात कापून येणाऱ्या बायका मला नव्या नाहीत. एप्रनवर खवले, केसांवर अजून जाळीची टोपी, हाताला गुंडाळलेला फडका आणि सोबत ठेकेदाराचा माणूस. तो पेशंटचं नाव सांगायच्या आधी कारण सांगतो: "घरी विळीवर कापलं, मॅडम." केसपेपरवर मी 'सोबतच्या व्यक्तीच्या सांगण्यानुसार' असं लिहिते आणि त्याखाली जखम कुठे आहे, कशी आहे, किती खोल आहे ते सविस्तर लिहिते. जखम खोटं बोलत नाही आणि विळी असं कापत नाही.

विळीचं पातं जागेवर उभं असतं. पाट पायाखाली दाबून आपण वस्तू दोन्ही हातांनी पात्याकडे नेतो. चुकलंच तर अंगठ्याचं पेर, तर्जनीचं टोक किंवा दोहोंमधली बेचकी कापते. कारखान्यातल्या सुरीच्या जखमा साधारण दोन प्रकारच्या. पहिल्यात माल धरलेल्या डाव्या हातात टोक घुसतं, तळव्यात नाहीतर तर्जनीच्या मुळाशी. बाहेरून दिसते जेमतेम सेंटिमीटरभर चीर. आत कंडरा किंवा चेतातंतू तुटलेला असतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. सुरी काट्यात किंवा गोठलेल्या मांसात अडकते, जोर वाढतो, ओली मूठ पुढे सरकते आणि सुरी धरलेला उजवा हातच पात्यावर येतो. मग तीन-चार बोटांवर एका ओळीत आडवी रेघ उमटते. विळीला मूठच नसते, तिच्यावरून हात घसरणार कसा?

अशा जखमेत कातडी शिवणं हे सगळ्यात सोपं काम. पण बोट वाकवणारी कंडरा आत तुटलेली असेल आणि वरून नुसते टाके पडले, तर दहा दिवसांनी जखम भरते आणि बोट मात्र काठीसारखं सरळ राहतं. "बोट वाकव बघू" एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात. ते म्हटलं गेलं नाही म्हणून हाताच्या सर्जनकडे महिन्याने पोचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तोवर तुटलेलं टोक आत ओढलं गेलेलं असतं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तरी साधारण सहा आठवडे हात पट्टीत, आणि घट्ट पकडीचं काम करायला तीन महिने. किलोवर मजुरी घेणारीला तीन महिने कोण देणार? ती टाके निघायच्या आधीच शेडमध्ये दिसते. दुखणं अंगावर काढणं आपल्याकडे बायकांना शिकवावं लागत नाही.

सुरी का घसरते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण उत्तर तुमच्याच तापमानाच्या नोंदवहीत आहे. माल शून्य ते चार-पाच अंशांच्या आसपास राहिला पाहिजे, म्हणून टबात बर्फ, टेबलावर बर्फ, हॉल थंड. मासळीसाठी हे योग्यच आहे. पण त्याच बर्फात पाळीभर बोटं असतात. बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांच्या खाली उतरलं की बारीक काम करायची क्षमता कमी होत जाते. आणखी उतरलं की स्पर्शच बोथट होतो. "कापलं ते कळलंच नाही, पाणी लाल झालं तेव्हा कळलं" हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि तोडक्यामोडक्या मल्याळममध्ये ऐकलेलं आहे. वरून क्लोरीनच्या पाण्यात वारंवार हात बुडवायचे, त्यामुळे कातडी फुगलेली, चिरा पडलेल्या. आतला रबरी हातमोजा घामाने ओला आणि बाहेरचा पाण्याने.

दुसरं कारण धार. धारदार सुरीला घाबरणारे पुष्कळ. माझ्या दवाखान्यातल्या वाईट जखमा बोथट सुरीने केलेल्या असतात. बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लावलेला हात अडथळा सुटताच थांबत नाही. म्हाकूळ सोलायचं, कटलफिशची पाठ चिरून आतलं पांढरं हाड काढायचं, कोळंबीला बटरफ्लाय कट द्यायचा, या प्रत्येक कामाला वेगळं पातं आणि वेगळी मूठ लागते. प्रत्यक्षात एकाच मापाची, गुळगुळीत प्लास्टिकच्या मुठीची, पुढे बोट अडवणारा उंचवटा नसलेली सुरी सगळ्यांच्या हातात असते. धार लावायची कुठे, कुणी आणि कधी, हे ठरलेलं नसतं. जिची सुरी बोथट तिनेच वेळ काढायचा, आणि तो वेळ तिच्या किलोतून जातो.

तिसरं कारण घाई. 1 जून ते 31 जुलै बंदी, त्यानंतर बोटी बाहेर पडल्या की माल एकदम येतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे हात जास्त येतात आणि पाळीच्या शेवटच्या तासांत जास्त येतात. यात गूढ काही नाही. दमलेला, गारठलेला हात, बोथट सुरी, आणि पाठीमागे उभा सुपरवायझर म्हणतोय, "हात चालवा."

जखम बारीक असली तरी मासळीच्या पाण्यात ती बारीक राहीलच असं नाही. कोळंबीच्या डोक्याचा काटा टोचल्यावर दोन-तीन दिवसांत बोट जांभळट लाल होऊन ठणकायला लागतं, पू मात्र होत नाही. मासळी हाताळणाऱ्यांमध्ये एरिसिपेलोथ्रिक्स नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा आजार पुस्तकात सापडतो आणि साध्या पेनिसिलिनला दाद देतो. पण ज्या डॉक्टरला पेशंट मासळीत काम करते हे सांगितलंच जात नाही, त्याला तो सुचणार कसा? 'घरी विळीवर' या दोन शब्दांनी भरपाई बुडतेच, उपचारही चुकतो.

आता तुमच्या व्यवस्थेबद्दल बोलते. ती मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. सुऱ्यांवर नंबर असतात. पाळीच्या सुरुवातीला मोजून देतात, शेवटी मोजून घेतात. एक कमी आली किंवा पात्याचं टोक तुटलेलं दिसलं तर लाइन थांबते आणि त्या तासाचा माल बाजूला काढतात. पाकिटं मेटल डिटेक्टरमधून जातात, तो डिटेक्टर नीट चालतोय का हे दर थोड्या वेळाने तपासून सहीनिशी नोंदलं जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यात सापडणाऱ्या कठीण, टोकदार वस्तूची लांबीसुद्धा ठरवून दिली आहे: 7 ते 25 मिलिमीटर. जखमेवर लावायची पट्टी निळी असते, कारण मासळीचं मांस सहसा निळं नसतं आणि पडलेली पट्टी चटकन दिसते. तिच्यात धातूची बारीक पट्टी असते, म्हणजे नजर चुकली तरी डिटेक्टर पकडतो. हात कापला की त्या बाईला ताबडतोब लाइनवरून उठवतात, टेबल धुतात, रक्ताचा माल फेकतात. म्हणजे कापलेला हात तुमच्या व्यवस्थेला दिसतो. पण दिसतो तो माल बिघडवणारी गोष्ट म्हणून. सुरीचं तुटलेलं टोक कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या टेबलावर सापडलं हे तुम्ही मला पाच वर्षांमागचंही सांगू शकाल. त्याच टेबलावर किती हात कापले?

हे जमत नाही असं म्हणू नका. 1997 मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली, तेव्हा काय झालं ते आठवा. तोवर घराच्या ओसरीत, गळक्या शेडमध्ये कोळंबी सोलली जात होती आणि 'आपल्याकडे असंच चालतं' हे उत्तर सर्वमान्य होतं. मग फरशा बसल्या, पाय धुवायच्या टाक्या आल्या, सोलण्याचं काम कारखान्याच्या देखरेखीखाली आलं, प्रत्येक गोष्टीची वही आली. उंबरठ्यावर गिऱ्हाईक रागावलं की हा धंदा किती झपाट्याने सुधारतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. ते गिऱ्हाईक हातांबद्दल विचारत नाही, एवढाच फरक. तेही आता बदलतंय. मार्च 2024 मध्ये असोसिएटेड प्रेसने आणि कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या संस्थेने आंध्र प्रदेशातल्या कोळंबी उद्योगातल्या कामगारांबद्दल लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या दुकानदारांपर्यंत पोचलं. आपल्याकडून खुलासे गेले. खुलासा देताना पुढे ठेवायला जखमांची एक प्रामाणिक नोंदवही असती, तर त्या खुलाशाला वजन आलं असतं.

संचालक महोदय, आता तुमच्या खात्याचा भाग. कारखाने अधिनियम, 1948 म्हणत होता की अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर तो तुम्हाला कळवायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तेच 48 तास कायम आहेत. कामगार राज्य विम्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळायला अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं लागतं. ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात यंत्रात सापडलेला, महिन्याच्या पगारावरचा कामगार असावा. मासळीच्या शेडमध्ये खाडा म्हणजे मजुरी नाही, आणि दोन खाडे म्हणजे कदाचित जागाही नाही. म्हणून ती दुसऱ्या दिवशी येते. तिला पॅकिंगला बसवतात, पाकिटांवर लेबलं लावायला देतात, हजेरी लागते. 48 तास भरत नाहीत. तीन दिवस भरत नाहीत. तुमच्या कार्यालयात अपघात घडतच नाही. कुणी खोटा कागद केला असं मला म्हणायचं नाही. या नियमांच्या फटीतून खरा कागदसुद्धा रिकामाच खाली पडतो.

आणि भरपाईचं कोष्टक. 1923 च्या कायद्यात दिलेलं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेलं हे कोष्टक आम्हा डॉक्टरांना पाठ असतं. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के कमी झाली असं धरायचं, पूर्ण तर्जनी 14 टक्के, पूर्ण मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. करंगळीचं टोक हाड न जाता तुटलं तर 2 टक्के. पण जागेवर असलेलं, न वाकणारं बोट या यादीत कुठे आहे? कुठेच नाही. तिथे डॉक्टरने टक्का ठरवायचा. त्यासाठी आधी ही जखम कामावर झाली हे कुठेतरी लिहिलेलं हवं. ज्या हाताने मासळी धरायची त्याचं एक बोट वाकत नसेल, तर मासळीच्या कारखान्यापुरती त्या बाईची क्षमता जवळजवळ संपते. ती घरकामाला लागते आणि आकडा कागदावर शून्य राहतो.

जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 बद्दल थोडं विषयांतर करते. बायकांना रात्रपाळी नको असं त्यात होतं, पण मासे खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना राज्य सरकार सूट देऊ शकत होतं. कारण कायद्यातच दिलेलं: कच्चा माल खराब होऊ नये म्हणून. अशी काळजी मालाची घेतली जाते याला माझा विरोध नाही. नव्या संहितेत बायकांच्या संमतीने रात्रपाळी आली आहे, तीही चांगलीच गोष्ट आहे. फक्त संमती देणारीला नियुक्तिपत्र मिळालेलं असावं, आणि ते तिला वाचता येईल अशा लिपीत असावं. दर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी फाटकावर मराठी आणि इंग्रजी फलक लागतात. टेबलावरच्या निम्म्या मुली ओडिया किंवा आसामी बोलतात. शिवाय सरकारी माहितीनुसार वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली वीस-पंचवीसच्या आहेत.

ज्यांना कारखानाही म्हणता येत नाही अशा जागांबद्दलही लिहायला हवं. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर आणि वीज न वापरणाऱ्याची 20 वरून 40 वर गेली. 1875 मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे कोळंबी सोलत बसलेल्या बायका कुठल्या व्याख्येत बसतात? त्यांचा मालक कोण, हेच त्यांना सांगता येत नाही. मजुरी टबावर, आणि टब कुणाचा ते रोज बदलतं. त्यांच्या जखमा माझ्याकडे येत नाहीत, त्या हळद लावून घरीच राहतात. हे काम एकट्या सुरक्षा संचालनालयाचं नाही, बंदराचं आणि मत्स्यव्यवसाय खात्याचंही आहे. पण कुणीतरी पहिलं पाऊल टाकायचं तर ते तुम्ही टाका.

मालकांशी थोडं सरळ बोलते. तुमच्यापैकी काहींशी माझं बोलणं झालं आहे आणि तुमची अडचण खोटी नाही. 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं तेव्हा ऑर्डरी कशा अडकल्या, हे कामगारांनाही कळलं; पाळ्या कमी झाल्या त्या त्यांच्याच. पण 2024-25 मध्ये देशाने 62 हजार कोटींहून जास्त रुपयांची मासळी निर्यात केली, त्यात दोन तृतीयांशांहून जास्त वाटा गोठवलेल्या कोळंबीचा. एवढ्या धंद्याला चांगल्या मुठीची सुरी परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

हातमोज्यांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. कापरोधक मोजा मागवला की काम झालं, असं समजणारे सल्लागार मीही पाहिले आहेत. पुरुषांच्या मापाचे मोजे बायकांच्या हातात सैल बसतात, सैल मोज्याचं टोक पात्याखाली येतं, ओला झाला की जड आणि गार होतो, पकड घट्ट करावी लागते आणि काही महिन्यांनी मनगट सुन्न होऊ लागतं. शिवाय विणलेला मोजा कापाला अडवतो, टोक घुसायला पूर्ण अडवत नाही. त्यासाठी स्टीलच्या कड्यांचा जाळीदार मोजा लागतो. तो मांसाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरात आहे, धुता येतो आणि त्याचे धागे मालात पडत नाहीत. म्हणून मोजा शेवटी. आधी सुरी बदला: पुढे बोट अडवणारी, खरबरीत मुठीची, जिथे टोकाची गरज नाही तिथे गोल टोकाची. धार लावायला पाळीत एक माणूस नेमा, आणि बोथट सुरी देऊन धारदार घेताना बाईचा एक पैसाही जाऊ नये. तासातासाने पाच मिनिटं कोमट पाण्यात हात, आणि तो वेळ मजुरीत धरलेला. मग मापाचा मोजा, माल धरणाऱ्या हातात. हा क्रम उलटा केलात तर पैसे जातील आणि टाके तेवढेच पडतील.

ठेकेदाराकडे बोट दाखवू नका. विम्याच्या कायद्यात मुख्य नियोक्ता तुम्ही आहात. कामाच्या पहिल्या दिवसापासून तिचा विमा क्रमांक असला, तर अपघाताच्या उपचारांसाठी आणि मजुरीच्या 90 टक्क्यांसाठी तुमच्या खिशाला हात घालावा लागत नाही. तो नसला की 'विळी' सांगायला माणूस पाठवावा लागतो. विचार करा, स्वस्त काय पडतं.

निर्यात प्राधिकरण आणि तपासणी परिषदेकडे माझी एकच मागणी आहे. कारखान्याला मान्यता देताना तुम्ही पाण्याचे अहवाल, तापमानाच्या वह्या, डिटेक्टरच्या वह्या पाहता. त्यांच्या शेजारी आणखी एक वही मागा. तिच्यात टाके पडोत न पडोत, बाई त्याच पाळीत परत बसो न बसो, प्रत्येक काप लिहिलेला असावा: वेळ, टेबल, काम, कोणता हात, सुरीचा नंबर. सुरीचा नंबर तुमच्याकडे आहेच. अशी वही तीन महिने नीट भरली, तर कोणतं टेबल, कोणता तास आणि कोणती सुरी हात कापते, हे सांगायला माझ्यासारख्या डॉक्टरची गरज राहणार नाही. आणि संचालक महोदय, 48 तासांचा नियम बदलायला कायदा बदलावा लागेल. पण सगळ्या कापांची नोंद ठेवा आणि महिन्याला आकडा पाठवा, असा सल्ला आपल्या राज्यात या एका उद्योगाला द्यायला तुमचं एक परिपत्रक पुरेल. पहिल्या वर्षी ज्याचा आकडा मोठा येईल त्याला नोटीस धाडू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी सगळ्यांचे आकडे शून्य येतील.

माझ्याकडच्या नोंदी, नावं आणि कारखाने झाकून, तुमच्या कोणत्याही अधिकाऱ्याला दाखवायची माझी तयारी आहे. जखमांची चित्रं काढलेली आहेत, कोणत्या बोटावर, कोणत्या दिशेने. सुरीची मूठ निवडताना त्यांचा उपयोग होईल. 1 ऑगस्टला बोटी बाहेर पडतात आणि मालाची रीघ लागते. परिपत्रक, नव्या सुऱ्या आणि वह्या जुलैअखेर टेबलावर पोचाव्यात, ही विनंती.

आपली,
पनवेल परिसरातली एक डॉक्टर